नगररचनेत येणाऱ्या वैदर्भीय मुलामुलींना: आधी काय राखायचं ते ठरवा

नगररचना म्हणजे मुंबई-पुण्याचं काम, असं आपल्याकडच्या मुलांना वाटतं. खरं म्हणजे २०१४ च्या निर्णयानंतर तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या आणि विदर्भातली कितीतरी गावं कागदावर शहरं झाली. वस्तीला लागून अजून तूर-कपाशीच आहे, पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे या गावांना विकास आराखडा लागतो. तो वीसेक वर्षांचा विचार करून करायचा असतो. मी वऱ्हाडात हेच काम करतो आणि इथल्या मातीत वाढलेली मुलंमुली या कामात यावीत असं मला मनापासून वाटतं.

वाटा दोन-तीन आहेत. बारावीला गणित असेल तर जेईई मेनचा नियोजनाचा वेगळा पेपर देऊन बी.प्लॅन. ही नियोजनाची पदवी करता येते; दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या नियोजनाच्या संस्था त्यासाठी नावाजलेल्या आहेत. स्थापत्य किंवा वास्तुशास्त्राची पदवी असेल तर गेट देऊन पदव्युत्तर शिक्षण घ्या. नागपूरच्या व्हीएनआयटीत शहर नियोजनाचं एम.टेक. आहे, म्हणजे घराजवळची सोय झाली. सरकारी नोकरीत सहायक नगर रचनाकार हे पद लोकसेवा आयोगातून भरतात, रचना सहायकाची भरती नगर रचना विभाग करतो. पात्रतेच्या अटी त्या-त्या जाहिरातीतच वाचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

आता कामाचं. पहिलं पाऊल म्हणजे विद्यमान जमीन वापराचा नकाशा. उपग्रहाचं चित्र हाताशी असतं, तरी गावनकाशा आणि सातबारा घेऊन गट न गट पायी फिरा. त्यानंतर एक साधा हिशेब येतो. समजा गावची लोकसंख्या २०,००० आहे आणि वीस वर्षांत ती २८,००० होईल असा अंदाज निघाला. हेक्टरी १०० माणसं धरली तर वाढीव ८,००० लोकांना ८० हेक्टर जमीन पुरते. रस्ते, शाळा, बाजार यांना थोडी ढील द्या. पण ज्यांची वावरं रस्त्यालगत आहेत त्या सगळ्यांनाच आपला गट पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे रहिवास विभागात, हवा असतो. मागेल त्याला पिवळा रंग दिला तर वस्ती तुकड्या-तुकड्यांत विखुरते, आणि नळ, नाली, डांबर कुठेच धड पोचत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की घरं कुठे हे शेवटी ठरवा, आधी कशाला हात लावायचा नाही ते ठरवा.

पाण्याची वाट त्यात पहिली. मोठ्या नदीला पूररेषा आखलेल्या असतात: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. गावच्या लहान नाल्याला मात्र बहुधा अशी रेषा नसते. एका गावी उन्हाळ्यात मी सपाट, मोकळं, रस्त्याला लागून असलेलं एक वावर बघत होतो. लेआउटसाठी लोक नेमकं असंच शोधतात. धुऱ्यावर बसलेला गुराखी म्हणाला, “भाऊ, पोयाच्या दिवसात इथं बैल बी नाई उतरत.” त्यानं हातभर उंचीवर बाभळीच्या बुंध्याला चिकटलेला वाळका गाळ दाखवला. ती उंची मी तिथंच नकाशावर लिहून घेतली. तो गट हिरव्या पट्ट्यात, म्हणजे शेती विभागात, राहिला.

दुसरी, भारी काळी जमीन. ती पिकाला सोन्यासारखी, पण बांधकामाला वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंती तडकतात. गुंठेवारीत घेतलेल्या प्लॉटवर गरीब माणसाचं घर असंच खराब होतं. घरांना बरड बरी, मुरूम वरच लागतो, पाणी निचरून जातं.

आणि इथंच खरी अडचण आहे. बरडावरच बहुधा ई-क्लासची जमीन असते, गावच्या गुरांची चराई. ती सरकारी, तिला मोबदला द्यावा लागत नाही. त्यामुळे कार्यालय, क्रीडांगण, कचरा डेपो, सगळ्यांची आरक्षणं, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागा, तिच्यावरच टाकायचा मोह होतो. ज्याच्याकडे दोन शेळ्या आहेत पण वावर नाही, त्याची हीच एक जमीन. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाची जमीन वन म्हणूनच धरायची, हा निकाल २२ मे २०२५ चा. तिकडे काम करणार असाल तर तो निकाल मुळातून वाचा, त्यातले अपवादही वाचा.

आरक्षण खासगी जमिनीवर टाकताना पैसा कुठून येणार हे आधी विचारा. दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे लहान शेतकऱ्याची जमीन दहा-बारा वर्षं अडकून राहिली आणि गावाला मैदानही मिळालं नाही. नगररचना परियोजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते-मैदानं काढतात आणि उरलेले प्लॉट मालकांना परत देतात. भार वाटला जातो, म्हणून मला हा मार्ग जास्त न्याय्य वाटतो. अकोल्याकडे खारपाणपट्ट्यात काम असेल तर आणखी एक बघा: तिथं बोअरचं पाणी पिता येत नाही, तेव्हा वस्ती नळयोजनेच्या बाजूनंच वाढू द्या.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना महिनाभराची मुदत असते. पहिल्याच दिवशी लेआउटवाले वकील घेऊन येतात. गुराखी आणि मजूर येत नाहीत, कारण नोटीस त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी नकाशा मोठा छापून लावा. त्यावर गट क्रमांकासोबत लोकांच्या तोंडची नावं लिहा: म्हसोबाचं टेकाड, पांदण, पाटलाची विहीर. आपलं वावर सापडलं की माणूस थांबतो आणि विचारायला लागतो. हरकतीचा कोरा अर्ज आणि पेन तिथंच ठेवा.