बस बंद, इंजेक्शन चालू: ग्रुपवर आधार शोधताना या चुका टाळा

कर्नाटकातल्या निपाणीहून महाराष्ट्रात कोल्हापूरला आयव्हीएफसाठी जाणाऱ्या बाईला दोन कॅलेंडरं बघावी लागतात, एक पाळीचं आणि एक सीमेचं. 2019 आणि 2021 ला पुराचं पाणी महामार्गावर आलं. कोरोनात कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागत होते. डिसेंबर 2022 आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सीमावाद पेटला आणि दोन्हीकडच्या बस थांबल्या. अंडाशयात वाढणाऱ्या फॉलिकलना, म्हणजे अंड्यांच्या पिशव्यांना, यातलं काहीच कळत नाही.

अशा वेळी हात मोबाईलकडे जातो. माझाही गेला. आयव्हीएफ करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या बायकांनी मला सांभाळलं, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी ग्रुपच सोडायची.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डोस आणि वेळ ग्रुपवर विचारणं. ट्रिगर म्हणजे अंडी पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन. एका रात्री आमच्या ग्रुपवर मेसेज आला, "ट्रिगर दोन तास उशिरा घेतलं तर चालतंय काय?" पाच मिनिटांत उत्तरांचा पाऊस. "माझं चाललं की." "खरं माझ्या डॉक्टरांनी ओरडलं." दोन्ही बायका खरंच बोलत होत्या, फक्त त्यांचं औषध आणि त्यांची पिकअपची, म्हणजे अंडी काढायची, वेळ वेगळी होती. ट्रिगरनंतर साधारण 34 ते 36 तासांनी अंडी काढतात. फार लवकर काढली तर ती पक्व नसतात, फार उशीर झाला तर फॉलिकल फुटून ती आधीच निसटतात. इंजेक्शन उशिरा झालं आणि क्लिनिकला ताबडतोब कळलं, तर पिकअपची वेळ पुढे सरकवता येते. घात होतो तो न कळवल्याने. म्हणून आधी फोन, आणि त्यात घेतल्याची अचूक वेळ.

फोन लागतच नाही, हीसुद्धा तक्रार खरी. माझ्या क्लिनिकने दिलेला नंबर रिसेप्शनचा होता आणि संध्याकाळी सातनंतर तो बंद. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, सायकल, म्हणजे उपचाराची फेरी, सुरू व्हायच्या आधीच विचारून ठेवा: रात्री फोन कोण उचलणार? रस्ता बंद झाला तर फॉलिकलची सोनोग्राफी बेळगावात करून रिपोर्ट पाठवला तर चालेल का? पिकअपला पोचताच आलं नाही तर काय करायचं? उत्तरं फाईलवर लिहून घ्या.

"माझ्याकडे दोन इंजेक्शनं शिल्लक हायत, वडापनं पाठवू?" असंही कुणी मायेनं विचारते. वडाप म्हणजे आमच्याकडची शेअर जीप. नको. यातली बरीच इंजेक्शनं 2 ते 8 अंशांत ठेवायची असतात, आणि एप्रिलमधल्या वडापचा डॅशबोर्ड म्हणजे तवाच.

पोट फुगलं की "सगळ्यांनाच होतंय" हा दिलासा ठरलेला. पण वजन झपाट्याने वाढलं, लघवी कमी झाली, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा दम लागला तर ओव्हरी जास्त उत्तेजित झालेली असू शकते. मग कोल्हापूरचा रस्ता उघडायची वाट बघू नका. जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि औषधांची नावं असलेली फाईल सोबत न्या.

उलट, गोठवलेल्या भ्रूणांसाठी मात्र उगाच घाबरू नका. ते उणे 196 अंशांवर असतात, ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, एक महिना पुढे गेली म्हणून खराब होत नाहीत. सायकल सुरूच व्हायला उशीर झाला तरी लगेच धीर सोडू नका: अंडसाठा कमी असलेल्या स्त्रियांवरच्या 2020 च्या एका अमेरिकन अभ्यासात आयव्हीएफ सुरू करायला 180 दिवसांपर्यंत उशीर झाल्याने बाळ होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नव्हता. तरी आपलं वय सांगून डॉक्टरांना विचारा, ग्रुपवरच्या "आता संपलं" वर जाऊ नका.

फाईलचा फोटो टाकताना नाव, नवऱ्याचं नाव, मोबाईल नंबर झाका. आपल्याकडे गल्लीतली बाई नसली तर जाऊबाईंच्या माहेरची निघते! व्हॉट्सॲप ग्रुपवर नंबर सगळ्यांना दिसतो. फेसबुक ग्रुपवर निनावी पोस्ट करता येते, पण ॲडमिनला नाव कळतं.

इनबॉक्समध्ये येऊन "डोनर मिळवून देतो" म्हणणाऱ्याला सरळ ब्लॉक करा. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या 2021 च्या एआरटी कायद्याने अंडी विकणं गुन्हा आहे. डोनर नोंदणीकृत बँकेतूनच. "मुलगाच होईल" म्हणणारा तर 1994 च्या गर्भलिंग निवडविरोधी कायद्याने गुन्हेगार ठरतो.

दुसरीच्या पॉझिटिव्ह बीटा रिपोर्टचा (गर्भ राहिल्याच्या रक्ततपासणीचा) फोटो बघून रडू आलं तर ग्रुप म्यूट करा, कुणाला राग येत नाही. माझी सायकल फुकट गेली तेव्हा मी तीन आठवडे म्यूट केला होता. तेवढ्यात खानापूरच्या एका अक्कांचा फोन आला. किती अंडी निघाली, कितीचं बिल झालं, एक शब्द नाही. म्हणाल्या, "जेवलीस काय?"