स्कॅन होईल हो, पण सापडेल का?

माझी भाची ऐरोलीच्या एका कंपनीत रेकॉर्ड्सच्या कामाला लागली आणि आठवड्याभरात तिचा फोन आला, "मामा, आता एआय सगळं वाचणार म्हणे. मग आम्ही काय करायचं?" मी ठाण्यात एका सरकारी कार्यालयात 29 वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली. तिला सांगितलं ते इथे लिहितो. वाचायला काय, आमच्या बारनिशीतला, म्हणजे आवक-जावक शाखेतला शिपाईही वाचायचा. पगार मिळायचा तो मागितलेला कागद हातात ठेवायचा.

स्कॅनिंगला द्यायच्या आधी गठ्ठा स्वतः सोडा. गंजलेली टाचणी ओढू नका, कागद फाटतो. उलट बाजूने टोक सैल करून काढा. पानांना पेन्सिलीने क्रमांक घाला. आणि ठेकेदाराच्या कार्यादेशात 'पाठपोट' हा शब्द लिहाच. आमच्याकडे एकदा पावणेदोनशे फायली स्कॅन झाल्या, दिसायला झकास. पुढे एका अपिलासाठी त्यातला एक आदेश स्कॅनमध्ये उघडून बघितला, तर साहेबांचा शेरा शेवटच्या पानाच्या पाठीवर, आणि स्कॅनमध्ये पाठच नाही! मूळ कागद फाडले नव्हते म्हणून निभावलं. 300 डीपीआय ही स्कॅनची स्पष्टता, पीडीएफ-ए हा दीर्घकाळ जपायचा फाईल-प्रकार, हे ठेकेदाराला पाठ असतं. पानं मोजून घ्यायची ती तुम्हीच.

खरी मेहनत सूचीत आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 2005पासून अभिलेखांची नीट सूची ठेवा म्हणतंय, पण ती करायची कशी, हे साहेबलोकांना कोण सांगणार? आपल्याच भागाचं बघा. ठाण्यातलं एकच गाव, एका कागदावर माजिवडे, दुसऱ्यावर माजिवाडा. जव्हारची 1996ची फाईल 'पालघर जिल्हा' टाकून शोधलीत तर हाती लागायची नाही, कारण तिच्यावर ठाणे लिहिलंय. पालघर वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014ला. पनवेलच्या जुन्या कागदांवर तर कुलाबा जिल्हा आहे, रायगड हे नाव 1981चं. म्हणून एक तक्ता करा: आजचं नाव, जुनी नावं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. शाखा आणि पदनामांचाही तसाच. हा तक्ता तुमच्या शोधयंत्रणेला पुरवलात, की मग ते एआय कामाचं.

जमलं तर मोडी शिका. 2023मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. आमच्या कार्यालयात त्याआधी मोडी म्हटलं की लोक जांभई द्यायचे.

आता फाडण्याचं. सरकारात 'अ' वर्गातला कागद कायम ठेवायचा आणि 'ड' वर्गातला वर्षभर, हे नव्या माणसालाही ठाऊक असतं. पण 'ड'मधल्या कागदावरही माहिती अधिकाराचा अर्ज, कोर्टकेस किंवा ऑडिटचा आक्षेप चालू असेल तर हात लावू नका. आधी यादी, मग मंजुरीची सही, मग श्रेडर. यादी मात्र जपायची. खाजगीत तर उलटीच सवय, सगळं ठेवून द्यायचं. आधारच्या झेरॉक्सनी भरलेले खोके मी बघितलेत. 2023चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा म्हणतो, काम संपलं आणि दुसरा कुठला कायदा ठेवायला सांगत नसेल तर माहिती पुसा. पुसायची म्हणजे बॅकअपमधली, मेलमधली आणि कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलीसुद्धा. ती कुठे कुठे गेलीय याची नोंद तुमच्याकडे नसेल तर पुसणार काय, कपाळ?

भाचीला पहिलं काम दिलं ते एवढंच: रबाळ्याच्या गोदामातून कुठलाही एक खोका मागव आणि यादीशी ताडून बघ. परवा फोन आला. यादीत 42 फायली, खोक्यात 39. उरलेल्या तीन ती अजून शोधतेय.