शियामेनची सहल: फोन, पासपोर्ट आणि गुलांगयूची बोट

फुजियान प्रांतातलं शियामेन हे चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरचं बंदर. मूळ शहर एका बेटावर वसलेलं आहे. समोर तैवानच्या ताब्यातलं किनमेन आहे आणि हवा स्वच्छ असली की ते किनाऱ्यावरून दिसतं. चीनला पहिल्यांदाच निघालेल्यांना आम्ही शांघायच्याही आधी शियामेन सुचवू. शहर आटोपशीर आहे, मेट्रो सोपी आहे आणि शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही. लोकांची पंचाईत होते ती बहुतेक वेळा घरून करायची कामं राहून गेल्यामुळे.

सुरुवात व्हिसापासून. अनेक देशांच्या नागरिकांना चीनमध्ये 240 तासांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं, पण त्या यादीत भारत नाही. भारतीय पासपोर्टवर पर्यटनाचा 'एल' व्हिसा काढावाच लागतो. महाराष्ट्रातल्यांसाठी त्याचं केंद्र मुंबईत आहे. अर्ज करताना किती प्रवेशांचा व्हिसा हवा आहे, ते नीट ठरवा. हाँगकाँगला जाणं म्हणजे मुख्य भूमीतून बाहेर पडणं. ग्वांगझोऊला उतरलात, मध्ये दोन दिवस हाँगकाँग केलंत आणि तिथून शियामेनला निघालात, तर एका प्रवेशाचा व्हिसा तिथेच संपलेला असतो. असा बेत असेल तर दोन प्रवेशांचा व्हिसा मागा. शिवाय हाँगकाँगसाठी भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. किनमेनची बोट समोर उभी दिसते म्हणून तिकीट काढायला जाऊ नका. तिकडे तैवानचे नियम लागू होतात.

आता फोन. व्हॉट्सअॅप, गूगल, जीमेल, यूट्यूब यांतलं काहीही तिथल्या वाय-फायवर किंवा चिनी सिमवर चालत नाही. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग किंवा परदेशी कंपनीचं ई-सिम घेतलं, तर डेटा देशाबाहेरच्या नेटवर्कमार्गे जातो आणि सगळं नेहमीसारखं चालतं. हॉटेलच्या वाय-फायला जोडलं की मात्र पुन्हा बंद. 'आत्ता तर चालू होतं' अशी तक्रार आली, की आधी वाय-फाय बंद करून बघा. गूगल मॅप्स उघडलं तरी त्यावर विसंबू नका. चीनमध्ये नकाशांसाठी वेगळी निर्देशांक-पद्धत वापरतात, त्यामुळे तुमची जागा काहीशे मीटर सरकलेली दिसते. आमॅप घ्या, त्यात इंग्रजीची सोय आहे. आयफोनवर अॅपलचे नकाशेही ठीक चालतात. हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी लिपीत स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि भाषांतराच्या अॅपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून घ्या.

पैशांसाठी अलीपे हे चिनी पेमेंट अॅप. निघण्याच्या आठवडाभर आधी पासपोर्टवरच्या नावानेच खातं उघडा, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पक्की करा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू केलेला नसेल, तर कार्ड नाकारलं जातं. कार्ड जोडताना ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून हे काम घरी बसूनच उरका आणि प्रवासातही त्या सिमवर एसएमएस येत राहतील असं बघा. 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही. त्यावरच्या रकमेला 3 टक्के लागतात, म्हणून हॉटेलचं बिल शक्यतो कार्डाने किंवा रोखीने द्या. दोन कार्डं जोडा आणि 500 ते 1000 युआन रोख जवळ ठेवा. हातगाडीवर लावलेला क्यूआर कधीकधी दुकानाचा नसून विक्रेत्याच्या वैयक्तिक खात्याचा असतो. त्यावर परदेशी कार्डाचे पैसे जात नाहीत, तिथे नोटाच कामाला येतात. टॅक्सी बोलावण्याची 'दीदी' ही सेवा अलीपेच्या आतच मिळते.

शेन्झेनहून किंवा हाँगकाँगहून वेगवान रेल्वेने साधारण चार तासांत शियामेनला पोहोचता येतं. तिकीट पासपोर्ट क्रमांकावर निघतं आणि वेगळा कागद लागत नाही, पासपोर्ट हेच तिकीट. फाटकावरचं यंत्र चिनी ओळखपत्रासाठी असतं, म्हणून कडेला कर्मचारी उभा असलेल्या रांगेत जा. स्टेशनवर सामानाची तपासणी होते आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधीच फाटक बंद होतं, त्यामुळे पाऊण तास हातात ठेवा. तिकिटावर 'शियामेन' लिहिलंय की 'शियामेन उत्तर', ते नीट बघा. उत्तर स्टेशन बेटाबाहेर, जीमेई भागात आहे. तिथून मेट्रो लाइन 1 थेट बेटावरच्या जनहाई रोड स्टेशनला आणते. ही गाडी जीमेई आणि गाओछीच्या मध्ये उघड्यावर येऊन समुद्र ओलांडते. रात्री पोहोचणार असाल, तर हा टप्पा दुसऱ्या एखाद्या दिवशी उजेडात मुद्दाम करा. भाडं काही युआनच आहे.

शियामेनसमोरच्या छोट्या गुलांगयू बेटासाठी अख्खा दिवस ठेवा. 1842 च्या नानकिंग तहानंतर शियामेन परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि 1903 मध्ये गुलांगयू आंतरराष्ट्रीय वसाहत बनलं. जुन्या वकिलाती, चर्च आणि परदेशातून पैसा कमावून परतलेल्या चिनी व्यापाऱ्यांचे वाडे असं सगळं दोन चौरस किलोमीटरहून कमी जागेत दाटलेलं आहे. 2017 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

लोक हमखास चुकतात ते धक्क्यावर. जोंगशान रोडच्या टोकाला उभं राहिलं की बेट अगदी हाकेच्या अंतरावर दिसतं आणि समोरच 'लुनतू' हा धक्का असतो. पण दिवसा तिथल्या बोटी स्थानिक रहिवाशांसाठी असतात. पर्यटकांनी तोंगतू भागातल्या क्रूझ सेंटरच्या धक्क्यावर जायचं. तिथून बोटीला साधारण वीस मिनिटं लागतात. लुनतूवरून पर्यटकांना सोडतात ते संध्याकाळी. साध्या बोटीचं परतीसह तिकीट 35 युआन आहे. ते ठरलेल्या वेळेचं असतं आणि पासपोर्ट दाखवूनच मिळतं, म्हणून पासपोर्टचा फोटो नव्हे, पासपोर्टच बरोबर घ्या. बेटावर जाणाऱ्यांची रोजची संख्या मर्यादित आहे, सुट्टीच्या दिवशी सकाळच्या बोटी आधीच भरतात. शनिवार-रविवार टाळा आणि आठच्या सुमाराची बोट पकडा. दहानंतर गल्ल्यांमध्ये सहलींचे गट उतरतात.

बेटावर उतरायचे धक्के दोन आहेत. सानछ्यूत्येनला उतरलात तर थेट बाजाराच्या गर्दीत जाल. नेइत्स्वोआओला उतरलात तर शांत बाजूने चालत मध्यभागी येता. आमचं मत दुसऱ्याला. बेटावर मोटारी नाहीत, सायकलीसुद्धा नाहीत. रस्ते चढउताराचे आहेत, त्यामुळे मुक्काम करणार असाल तर मोठी बॅग शहरातच ठेवून या. सर्वांत उंच जागा म्हणजे 92.7 मीटरचा रिग्वांगयान खडक. वर शेवटी अरुंद पायऱ्या आहेत, तिथे सकाळीच जा. शूज्वांग बागेत जाल तेव्हा आतलं पियानो संग्रहालय चुकवू नका.

जेवणाबाबत सावध राहा. इथल्या प्रसिद्ध 'शाच्या' नावाच्या नूडल्सचा केशरट रस्सा शेंगदाण्याचा दिसतो, पण त्यात सुकी कोळंबी वाटलेली असते. वर घालायचे पदार्थ टोपल्यांत समोर मांडलेले असतात, त्यातला फक्त टोफू निवडला तरी रस्सा तोच. साध्या भाजीतही डुकराची चरबी असू शकते. 'भाजी द्या' एवढं सांगून भागत नाही. 'मांस, मासे, अंडी, मांसाचा रस्सा आणि डुकराची चरबी नको' असं पूर्ण वाक्य चिनी लिपीत दाखवा. सर्वांत निर्धास्त जागा म्हणजे नानपूत्वो या बौद्ध मंदिरातलं शाकाहारी भोजनालय. बौद्ध परंपरेच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्यांचीही सोय होते. ताटात माशासारखं किंवा मांसासारखं काही दिसलं तर दचकू नका, ते सोयाबीनचं किंवा गव्हाच्या ग्लुटेनचं असतं. जोंगशान रोडच्या परिसरात शेंगदाण्याचं गोड, गरम सूप मिळतं. दाणे जिभेवर विरघळतील इतके शिजलेले असतात. नाश्त्याला ते जरूर घ्या.

मंदिराला लागूनच 1921 मध्ये स्थापन झालेलं शियामेन विद्यापीठ आहे. आत जायला आगाऊ नोंदणी लागते. ती झाली नाही तर हिरमुसू नका, बाहेरचा बायछंग किनारा सर्वांना खुला आहे. चालायची आवड असेल तर क्रूझ सेंटरपासून ग्वानयिनशानपर्यंतची सुमारे 23 किलोमीटरची डोंगर-समुद्र पायवाट आहे. ती टेकड्यांवरून आणि पुलांवरून जाते, फुकट आहे, आणि हवा तेवढाच तुकडा चालता येतो.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर हा काळ उत्तम. 1 ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा, मे महिन्याचे पहिले दिवस आणि चिनी नववर्ष टाळा. जुलै ते सप्टेंबर वादळांचे महिने. 2016 च्या सप्टेंबरमध्ये मेरांती वादळ थेट शियामेनवर आलं होतं. इशारा लागला की गुलांगयूच्या बोटी बंद होतात, म्हणून या महिन्यांत बेटावरचा मुक्काम परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री ठेवू नका.

बॅग भरताना पॉवर बँक तपासा. 28 जून 2025 पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत '3सी' हा चिनी सुरक्षा-प्रमाणनाचा शिक्का नसलेली पॉवर बँक नेता येत नाही आणि भारतात घेतलेल्या पॉवर बँकेवर तो सहसा नसतो. पुढे विमानाने दुसऱ्या चिनी शहरात जायचं असेल, तर तिथेच शिक्क्याची विकत घ्या. आपली तीन जाड पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, अडॅप्टर लागतो. नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. हॉटेलच्या खोलीत बहुधा किटली असते आणि स्टेशनवर गरम पाण्याचे नळ असतात, त्यामुळे स्टीलची बाटली उपयोगी पडते. पोलिसांसाठी 110, रुग्णवाहिकेसाठी 120. हॉटेलऐवजी कोणाच्या घरी उतरणार असाल, तर 24 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात यजमानासह जाऊन नोंद करा. हॉटेलात ही नोंद हॉटेलवालेच करतात.