नळराजापासून सुरुवात करा

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी हेन्री हार्ट मिल्मन हा इंग्लिश लेखक विषय म्हणून घेतला आणि पहिले दोन महिने तीन वह्या भरत बसले. एक कवीची, एक पाद्र्याची, एक इतिहासकाराची. एकोणिसाव्या शतकातल्या अशा इंग्लिश धर्मोपदेशक-लेखकांवर काम सुरू करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: वही एकच ठेवा आणि प्रत्येक नोंदीपुढे साल घाला.

साल घातलं की माणूस उलगडतो. १७९१ चा जन्म, लंडनचा. वडील राजा तिसरा जॉर्ज याचे वैद्य. १८१२ मध्ये ऑक्सफर्डला कवितेचं न्यूडिगेट पारितोषिक. १८१८ पासून रेडिंगच्या सेंट मेरी चर्चचा कारभार, आणि तो सांभाळतानाच १८२१ ते १८३१ ऑक्सफर्डमध्ये काव्याचं प्राध्यापकपद. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, इंग्रजी चर्चमध्ये आजही गायलं जाणारं त्याचं गीत १८२७ मध्ये छापलं गेलं. दोनच वर्षांनी, १८२९ मध्ये, त्याचा ज्यूंचा इतिहास आला आणि गहजब झाला. बायबलच्या जुन्या करारातल्या पूर्वजांकडे त्यानं पूर्वेकडच्या टोळ्यांचे शेख आणि अमीर म्हणून पाहिलं, पुरावे पारखले, चमत्कारांना फारसं महत्त्व दिलं नाही. हे एखाद्या नास्तिकानं लिहिलं असतं तर लोकांना नवल वाटलं नसतं. चर्चच्याच माणसानं लिहिलं, हे झोंबलं.

इथेच माझी मोठी चूक झाली. हाताशी सापडली ती प्रत १८६३ ची होती. तीवरून मी १८२९ च्या वादाचं अख्खं प्रकरण लिहून काढलं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मुखपृष्ठाच्या आतलं पान उघडून सालावर बोट ठेवलं. नवी आवृत्ती, नवी प्रस्तावना, चौतीस वर्षांनंतरचा मिल्मन! प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. म्हणून स्कॅन केलेली प्रत उतरवली की आधी ते पान पाहा, मग मजकूर.

आता ज्या पुस्तकानं मला या माणसाजवळ नेलं, त्याबद्दल. १८३५ मध्ये त्यानं महाभारतातलं नलोपाख्यान, म्हणजे नळ-दमयंतीची गोष्ट, संस्कृतातून इंग्रजी पद्यात आणलं. रघुनाथ पंडितांचा राजहंस ऐकत वाढलेल्या आपल्याला ही गोष्ट परकी नाही, त्यामुळे त्याचं इंग्रजी जुनं असूनही पकडता येतं. मी मूळ श्लोक शेजारी ठेवून वाचलं. ‘आसीद् राजा नलो नाम वीरसेनसुतो बली’ या ओळीत सोळा अक्षरं, आठांनंतर विसावा. मिल्मनच्या ओळीत पंधरा, आणि आठांनंतरच विसावा. ‘राजा’ हा शब्द त्यानं तसाच ठेवला. पुढच्या ओळीतल्या ‘अश्वकोविद’चं मात्र ‘घोडे वठणीवर आणण्यात कुशल’ असं केलं, आणि तिथे मला थोडं खटकलं. नळाला घोडे कळतात, नुसतं वठणीवर आणणं वेगळं. पण अनुष्टुभाची, म्हणजे या श्लोकाच्या छंदाची, चाल इंग्रजी कानाला ऐकवायची त्याची तळमळ त्या पंधरा अक्षरांत स्पष्ट कळते. अशा अर्ध्या पानाच्या टिपणानं प्रबंधात जे मिळतं, ते चरित्रांच्या उताऱ्यांनी मिळत नाही.

पुढचं सावकाश घ्या. १८३५ मध्येच तो वेस्टमिन्स्टरला गेला, १८४९ मध्ये सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन, म्हणजे प्रमुख धर्माधिकारी, झाला. लॅटिन, म्हणजे रोमच्या चर्चच्या परंपरेतल्या, ख्रिस्ती धर्माचा त्याचा इतिहास (१८५४-५५) सहा खंडांचा आहे. सगळा सलग वाचायचा हट्ट पहिल्या वर्षी नको. त्याऐवजी अठराव्या शतकातला इंग्लिश इतिहासकार गिबन याच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाची त्यानं संपादित केलेली आवृत्ती काढा. वर गिबनचा चर्चवरचा बोचरा मजकूर, खाली मिल्मनच्या तळटीपा. गिबनचं थोरपण मान्य करून त्याला जिथल्या तिथे उत्तर देणारा हा पाद्री मला त्या बारीक टाइपातच नीट भेटला. तळटीपा गाळू नका, आणि त्यांची नोंदही त्याच एका वहीत करा, नळाच्या पानानंतर.