डिस्क गोल्फ टूर्नामेंट: डिव्हिजन निवडताना आणि गुण मोजताना या चुका टाळा

डिस्क गोल्फ म्हणजे चकती (डिस्क) कमीत कमी फेकींत, म्हणजे थ्रोत, बास्केटमध्ये टाकायचा खेळ. त्याच्या टूर्नामेंटची नोंदणी करायला बसलं की नाव, मेंबरशिप नंबर वगैरे भराभर भरून होतं आणि ‘डिव्हिजन’च्या रकान्यात गाडी अडते. एमए१, एमए२, एमए३, एमए४ (एमए म्हणजे हौशींची सगळ्यांना खुली डिव्हिजन, १ सगळ्यात वरची), पुढे वयाच्या एमए४०, एमए५०, शिवाय महिलांच्या एफएची वेगळी रांग. मग मित्र ज्यात खेळतोय तेच निवडून मोकळं व्हायचं. आणि डिसेंबरात प्रश्न पडतो, एवढ्या शनिवार-रविवारी उन्हातान्हात खेळलो, तर गुण गेले कुठे? अमेरिकेत या खेळाचा कारभार १९७६ पासून पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) पाहते. खाली जे लिहिलंय ते तिची मान्यता असलेल्या हौशी टूर्नामेंटांबद्दल.

वरच्या डिव्हिजनमध्ये अडवत नाहीत म्हणून खेळायचं

रेटिंग म्हणजे आधीच्या राउंडांवरून पीडीजीए काढते तो खेळाडूच्या दर्जाचा आकडा. एमए४ ला ८५० च्या खालचं रेटिंग चालतं, एमए३ ला ९०० च्या खालचं, एमए२ ला ९३५ च्या खालचं. एमए१ सगळ्यांना खुली. मर्यादा फक्त वरची आहे, खालची नाही. त्यामुळे ९१२ वाल्याला एमए३ मध्ये जागा नाही, पण ८६० वाल्याने एमए१ मध्ये नाव घातलं तर कोणी अडवणार नाही.

अडवत नाहीत म्हणून जायचं का, हे आकडे मांडून बघा. मध्यम अवघड १८ होलच्या कोर्सवर रेटिंगमधले १० अंक म्हणजे साधारण एक थ्रो. ८६० वाला ९४० वाल्यांमध्ये गेला की राउंडमागे आठ थ्रो मागे. तीन राउंडची टूर्नामेंट असेल तर चोवीस. कितीही चांगला दिवस उजाडला, तरी चोवीस थ्रो भरून निघत नाहीत. याउलट ९१२ वाला एमए२ मध्ये असेल तर गटातला सगळ्यात वरचा खेळाडूही त्याच्यापेक्षा राउंडमागे दोन-अडीच थ्रोनेच बरा. तेवढे तर पटिंगमध्येही (बास्केटजवळच्या छोट्या फेकींत) निघतात. तेव्हा ‘मोठ्यांत खेळलं की खेळ सुधारतो’ हा सल्ला ऐका, पण आधी फरक मोजा.

दुसऱ्या टोकाला असतात ट्रॉफीसाठी खालीच मुक्काम ठोकणारे. वासरात लंगडी गाय शहाणी. तरी ८९८ रेटिंगवर एमए३ खेळणाऱ्याला ‘बॅगर’ (मुद्दाम खालच्या गटात खेळणारा) म्हणणं मला पटत नाही, तो नियमातच आहे. मुद्दाम वाईट खेळून रेटिंग खाली ठेवू पाहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, आणि त्यांचा बेत बऱ्याचदा फसतोही. स्वतःच्या सरासरीपेक्षा १०० अंकांहून खाली गेलेला राउंड पीडीजीए हिशोबात धरतच नाही.

रेटिंग नाही, म्हणून अंदाजपंचे निवडायचं

नव्या खेळाडूंची सगळ्यात मोठी अडचण हीच. रेटिंगच नाही, त्यामुळे सगळीच दारं उघडी. अशा वेळी यूडिस्कवरचा (स्कोअर नोंदवायच्या अ‍ॅपवरचा) स्कोअर बघून कोणी म्हणतं, ‘मी तर पार (कोर्सला ठरवलेल्या थ्रोंइतकं) खेळतो, एमए२ घेतो.’ पण यूडिस्कचा आकडा म्हणजे पीडीजीएचं रेटिंग नव्हे. शिवाय एकट्याने खेळताना साडेतीन फुटांवरचा पट आपण ‘गेलाच’ म्हणून उचलतो, झाडावर आपटलेला ड्राइव्ह (लांबची फेक) पुन्हा फेकतो. टूर्नामेंटला प्रत्येक डिस्क बास्केटमध्ये पडावी लागते आणि कार्डवरचे (आपल्यासोबत खेळणाऱ्या गटातले) बाकीचे डोळे लावून बसलेले असतात.

यापेक्षा भरवशाची युक्ती आहे. त्याच कोर्सवर पूर्वी झालेल्या टूर्नामेंटचा निकाल पीडीजीएच्या साइटवर उघडा. तिथे प्रत्येक स्कोअरसमोर त्या राउंडचं रेटिंग दिलेलं असतं. समजा तुमचा नेहमीचा प्रामाणिक स्कोअर ६३ आहे आणि त्या दिवशी ६३ ला ८७० मिळालेलं दिसतंय, तर एमए३ घ्या. फक्त लेआउट तोच आहे ना, हे बघून घ्या. लांबच्या टी (पहिली फेक करायची जागा) वरचे ६३ आणि जवळच्या टी वरचे ६३ यांची बरोबरी होत नाही.

रेटिंग असलं तरी ते दर महिन्याला बदलतं. नोंदणी करताना ८९९ होतं आणि टूर्नामेंटच्या आधी ९०४ झालं, तर टूर्नामेंट डायरेक्टरला लगेच मेल टाका. पहिल्या टी वर वाद घालण्यात अर्थ नाही.

चाळिशी गाठली की एमए४० सोपं

मुळीच नाही. वयाच्या डिव्हिजनला रेटिंगची मर्यादा नसते. वीस-वीस वर्षं खेळलेले, ड्राइव्ह थोडा आखूड झालेला पण पट न चुकवणारे काका तिथे भेटतात. वय मात्र वर्षावर धरतात: नोव्हेंबरात चाळीस पूर्ण होणार असतील तरी त्या वर्षीच्या जानेवारीपासून खेळता येतं. तुमचं रेटिंग ८८० असेल तर एमए३ मध्येच बरं. आणि महिलांना एफए आणि एमए दोन्ही खुल्या आहेत, कारण एमएत पुरुषच हवेत अशी अट नाही.

पहिला नंबर म्हणजे भरपूर गुण

पीडीजीएचे गुण मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतात: डिव्हिजनमध्ये किती जणांना मागे टाकलंत आणि टूर्नामेंट कोणत्या टियरची, म्हणजे दर्जाची आहे (सी पेक्षा बी वर, बी पेक्षा ए). चार जणांच्या गटात पहिले आलात तर तिघांना हरवलंत. तीस जणांच्या गटात बारावे आलात तर अठरा जणांना. टियर सारखाच असेल तर ट्रॉफी पहिल्याकडे आणि गुण बाराव्याकडे. गुण हवे असतील तर नोंदणीची यादी उघडून कोणता गट भरतोय ते बघा, आणि वर्षातून दोन-तीन तरी बी किंवा ए टियर धरा. फारच कमी नावं असलेल्या डिव्हिजनमधून दुसरीकडे सरकायला सांगितलं जाण्याचीही शक्यता असते.

राउंड बिघडला म्हणून मध्येच निघून जाऊ नका. डीएनएफ (स्पर्धा अर्धवट सोडल्याचा शेरा) लागलं की त्या टूर्नामेंटचे गुण गेले. रडतखडत शेवटून तिसरे आलात, तरी दोघांना हरवल्याचे गुण पदरात पडतात.

क्लबच्या मालिकेचे गुण हे वेगळं प्रकरण. प्रत्येक क्लबचं गणित स्वतःचं. बहुतेक ठिकाणी गुण डिव्हिजननिहाय धरतात, म्हणून हंगामाच्या मध्यात एमए३ वरून एमए२ ला गेलात तर मागचे गुण सोबत येतीलच असं नाही. बदल करायचाच असेल तर नियमावली आधी वाचा.

कागदपत्रांचा आळस

मेंबरशिप ३१ डिसेंबरला संपते. जानेवारीतली टूर्नामेंट खेळण्याआधी तिचं नूतनीकरण करा, कारण गुण मेंबरांनाच मिळतात. अ‍ॅमॅच्युअर वर्ल्ड्सचं (हौशींच्या जागतिक स्पर्धेचं) आमंत्रण गुणांवर मिळतं, पण तिथे खेळायला नियमांची ऑनलाइन परीक्षा देऊन सर्टिफाइड ऑफिशियलही व्हावं लागतं. परीक्षा पुस्तक उघडून देता येते, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

हौशी खेळाडूला प्रो डिव्हिजनमध्ये खेळता येतं. बक्षिसाचे पैसे घेतले की मात्र हौशीपण संपलं. नाकारले तर कायम राहतं, पण हे बक्षीस वाटपाच्या आधी डायरेक्टरच्या कानावर घाला.

आणि स्कोअरकार्ड. बेरीज चुकली की दोन थ्रोची पेनल्टी बसते. शेवटचा पट पडल्यावर डिस्क पिशवीत कोंबायच्या आधी कार्डवरच्या सगळ्यांसोबत होलवार आकडे मोठ्याने वाचून जुळवा.