कडाक्याच्या थंडीत, अंगणातला नळ बंद असताना गाडी धुणे

न्यू जर्सी, शिकागो, टोरांटो इकडे थंडी सुरू झाली की बाहेरच्या नळाचं पाणी आतून बंद करून पाइप रिकामा करून ठेवतात, नाहीतर पाणी गोठून पाइप फुटतो. म्हणजे पाण्याची नळी, होज, गेला. रस्त्यावर मात्र मीठ पडतच असतं आणि आठवड्याभरात गाडी पांढरी पडते. अशा वेळी गॅरेजमध्ये एका बादलीत होणारा रिन्सलेस वॉश कामाला येतो. पाण्यात विशिष्ट द्रावण घालायचं, त्याने गाडी पुसायची, लगेच कोरडी करायची. वरून पाणी ओतायचंच नाही. जमिनीवर पाणी जवळपास सांडत नाही, त्यामुळे ड्राइव्हवेवर बर्फाचा थरही होत नाही.

आधी गाडीवर काय आहे ते नीट बघा. मीठ पाण्यात विरघळतं. त्याच्यासोबत आलेली वाळू आणि खडी विरघळत नाही. ओरखडे काढते ती वाळू. नुसता पांढरा थर असेल, तर घरी खुशाल धुवा. दारांच्या खालच्या भागावर बोटाला खरखरीत लागणारा जाड लगदा चिकटला असेल, तर फडकं लावू नका. त्या दिवशी ब्रश नसलेल्या टचलेस कार वॉशमधून गाडी काढावी आणि तिथे खालून फवारा मारण्याचा पर्यायही घ्यावा. गाडीचा खालचा सांगाडा रिन्सलेसने धुतला जात नाही, आणि मिठाने गंज आधी तिथेच धरतो.

गॅरेजमधलं तापमान निदान ४-५ अंश सेल्सिअस हवं. शून्याखाली पत्र्यावर पाणी टेकताच गोठतं आणि वाळू त्यातच अडकते. बाहेरून आलेली गाडी रात्रभर आत ठेवली की बर्फ वितळून गळून जातो आणि बॉनेटही गार झालेलं असतं. गरम बॉनेटवर द्रावण वाळून डाग पडतात. ऊब यावी म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं मात्र जिवावरचं आहे, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

बादलीत ८ लिटर पाणी घ्या. हाताला कोमट लागेल इतपत, ३५ ते ४० अंश. उकळतं नको, गारठलेल्या काचेला आधीचा बारीक तडा असेल तर तो पुढे सरकतो. ऑप्टिमम नो रिन्स हे द्रावण वापरत असाल, तर प्रमाण १:२५६ आहे, म्हणजे ८ लिटरला साधारण ३० मिली. दुसऱ्या कंपनीचं असेल तर बाटलीवरचं प्रमाण पाळा. ‘गाडी जास्त घाण आहे, जरा जास्त घालू’ हा मोह टाळा; जास्तीच्या द्रावणाने साफ होत नाही, नुसते पट्टे उमटतात, आणि थंडीत ते वाळतही नाहीत. फेस येत नाही म्हणून काम होत नाही असंही नाही. यातली पॉलिमर कणांना धरून पत्र्यापासून वेगळं ठेवतात, फेसाशी त्याचा संबंध नाही. याच द्रावणातलं दीडेक लिटर हाताने दाब देण्याच्या स्प्रे पंपात भरून ठेवा.

आता फडकी. आपल्याकडे सोसायटीत रोज सकाळी एक बादली, एक फडकं, आणि त्यात ओळीने सहा गाड्या पुसल्या जातात. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे ओरखडे दिसतात ते त्यातूनच येतात. इथे उलट करायचं. काठाला शिवण नसलेली ८ मायक्रोफायबर फडकी सुरुवातीलाच बादलीत भिजत टाकायची, आणि एकदा वापरलेलं फडकं परत बादलीत बुडवायचं नाही. चौघडी केली की एका फडक्याला ८ स्वच्छ बाजू मिळतात.

एका वेळी एकच भाग घ्या. पंपाने द्रावण फवारून एक-दोन मिनिटं थांबा. मीठ सुटून ओघळताना दिसतं. दारांच्या खालच्या अर्ध्या भागावर आणि मागच्या बंपरवर पुन्हा फवारा. मग हलकं पिळलेलं फडकं ठेवून एका सरळ रेषेत ओढा. दाब द्यायचा नाही, फडक्याचं स्वतःचं वजन पुरतं. गोल गोल घासायचं नाही, मागे-पुढेही नाही. एक-दोन पट्ट्यांनंतर बाजू बदला. फडक्याखाली कुरकुर जाणवली, की तिथेच थांबून पुन्हा फवारा आणि नवी बाजू घ्या. लगेच वेगळ्या, मोठ्या कोरड्या टॉवेलने तो भाग टिपून घ्या आणि मगच पुढे जा.

क्रम वरून खाली: टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, डिकी, मग खालचा पट्टा. मागचा बंपर शेवटी. मागचा कॅमेरा आणि पार्किंग सेन्सर याच फेरीत पुसून घ्या. चाकं सगळ्यात शेवटी, उरलेल्या पाण्याने आणि जुन्या फडक्यांनी. ती फडकी पुन्हा रंगावर वापरायची नाहीत, ब्रेकची धूळ त्यातून सहसा निघत नाही.

वाळल्यावर पुन्हा पांढुरकं दिसलं, तर मीठ राहिलं आहे. ताज्या फडक्याने दुसरा हात मारा. पुढच्या काचेवर वायपर फिरताना धूसर पट्टा राहत असेल, तर तिथे काच पुसायचं नेहमीचं द्रव वापरा.

बरेच जण इथे थांबतात आणि सकाळी दार उघडत नाही. चारही दारं आणि डिकी उघडून चौकटीतलं, रबरावरचं पाणी टिपून घ्या, मग रबरावर फडक्याने सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. इंधनाच्या टाकीचं झाकणही कोरडं करा. त्यानंतर गाडी पाच-दहा मिनिटं फिरवून चार-सहा वेळा हलका ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क कोरड्या होतील आणि पॅड चिकटणार नाहीत.

दर दहा-पंधरा दिवसांनी हे करावं. गाडी उबदार गॅरेजमध्ये राहत असेल तर जरा लवकरच, कारण गोठलेल्या मिठापेक्षा ओलं मीठ पत्रा जास्त खातं. फडकी धुताना सॉफ्टनर घालू नका, त्याने धागे मेणचट होऊन पाणी शोषत नाहीत. ड्रायरही मंद आचेवरच लावा.