क्विल्ट शिवताना चूक झाली तर: काय उसवायचं, काय तसंच ठेवायचं

क्विल्टमध्ये, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीत, चूक दिसली की हात आधी सीम रिपरकडे, टाके उसवायच्या हत्याराकडे, जातो. तो जरा आवरा आणि एवढंच ठरवा: ही चूक पुढे क्विल्ट फाडणारी आहे, की नुसती डोळ्यांना खुपणारी? टिपेत कापडाची कड जेमतेम दोन धागे पकडली गेली असेल, तर एक-दोन धुण्यांत ती जागा उघडणारच. ती आत्ताच दुरुस्त करायला हवी. पण एखादा ब्लॉक (तुकडे जोडून केलेला चौकोन) उलटा फिरला म्हणून क्विल्टची ऊब कमी होत नाही. तिथे निर्णय तुमचा. माझं मत विचाराल तर तिन्ही थर (वरचं जोडकाम, मधला ऊबदार थर आणि खालचं अस्तर) एकत्र टाचण्याआधी सापडलेली चूक काढावी, कारण तोवर काही टिपा उसवून भागतं. त्यानंतर मात्र नुसत्या खुपणाऱ्या चुकीच्या मागे लागू नये.

१. मायेपासून सुरुवात करा

ब्लॉक लहान येतात, कोपरे जुळत नाहीत, टोकं कापली जातात. यांतल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मायेत, म्हणजे टिपेपासून कडेपर्यंत सोडलेल्या कापडात, असतं. क्विल्टिंगमध्ये माया पाव इंच धरतात. ती १ मिलिमीटर जास्त गेली, तर दोन्ही तुकड्यांतून मिळून एका शिवणीमागे २ मिलिमीटर कापड आत जातं. एका ओळीत आठ शिवणी असल्या की ओळ १६ मिलिमीटरने आखूड.

माया तपासायला दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, एकमेकींना जोडा, शिवणी इस्त्रीने दाबा आणि मोजा. मधली पट्टी बरोबर १ इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच भरली पाहिजे. कमी भरली तर टीप एक-दोन धागे कडेकडे सरकवा. शिवण दुमडतानाही थोडं कापड जातं, म्हणून माया पाव इंचाला किंचित कमीच ठेवलेली बरी. ही चाचणी प्रत्येक नव्या क्विल्टच्या आधी करावी.

२. उसवताना कापड ओढू नका

दोन तुकडे धरून फाडल्यासारखं ओढलं की टाके सुटतात, पण कडाही ताणल्या जातात आणि नवी शिवण आणखी वाकडी बसते. त्यापेक्षा तुकडा सपाट ठेवा. एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका सीम रिपरने कापत जा. मग कापड उलटवून दुसऱ्या बाजूचा दोरा हळूच ओढा, तो अख्खाच्या अख्खा निघून येतो. धाग्यांचे तुकडे वेचा, कापडावर इस्त्री दाबा आणि मगच पुन्हा शिवा. त्रिकोणांच्या उरेब (तिरप्या कापलेल्या) कडा जास्त जपाव्या लागतात. तिथे इस्त्री घासायची नाही, उचलून ठेवायची. कापण्याआधी कापडाला स्टार्च केलं तर कडा फारशा ताणत नाहीत.

तरीही एक तुकडा थोडा मोठा निघालाच, तर दोन्हींची टोकं आणि मध्य टाचणीने जुळवा आणि मोठा तुकडा खाली, मशीनच्या दात्यांकडे ठेवून शिवा. दाते जादाचं कापड आत सामावून घेतात.

३. लाटांसारखी हलणारी किनार

लांब पट्टी लावत जायची आणि उरलेला शेपटा कापायचा, इथेच घोळ होतो. कडा ताणलेल्या असतात, पट्टी त्यांच्याबरोबर जास्त लांब बसते आणि क्विल्ट जमिनीवर सपाट पडत नाही. क्विल्टची लांबी मधोमध मोजा, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्याच मापाच्या कापा, प्रत्येकीचे चार समान भाग करून टाचण्या लावा आणि मग टीप घाला. किनार आधीच लाटांची झाली असेल तर ती काढून पुन्हा लावावी. तिन्ही थरांतून टाके घालताना बसेल या आशेवर पुढे गेलात, तर तिथे चुण्याच पडतील.

या टप्प्यावर वरचा थर पसरून फोटो काढा. जवळून न दिसलेला फिरलेला ब्लॉक फोटोत लगेच दिसतो.

फिरलेला ब्लॉक तसाच ठेवताना एक कथा हमखास ऐकायला मिळते: परिपूर्ण फक्त देव, म्हणून जुन्या अमेरिकी बायका मुद्दाम एक चूक सोडत. क्विल्टच्या अभ्यासकांना या प्रथेला भक्कम आधार सापडलेला नाही. चूक ठेवायला अशा सबबीची गरजही नाही. अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेले क्विल्ट २००२ पासून मोठ्या संग्रहालयांत मांडले गेले आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आले. त्यांतल्या रेषा सरळ नाहीत, पट्ट्या असमान आहेत, आणि त्या वाकण्यातच त्यांचं देखणेपण आहे.

४. तीन थर आणि मागच्या चुण्या

अस्तर उलटं पसरून चिकटपट्टीने ताठ चिकटवा, पण ताणू नका. त्यावर मधला थर, मग वरचा. तळहाताच्या अंतरावर सेफ्टी पिना लावा आणि मध्यापासून बाहेरच्या बाजूला शिवत जा. थोड्या थोड्या वेळाने क्विल्ट उलटून अस्तर पाहा. चुणी लहान असेल आणि टाक्यांत घट्ट बसली असेल तर राहू द्या. मोठी असेल तर चुणीच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरापर्यंत उसवा, कापड हाताने पसरा आणि पुन्हा टाके घाला.

खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर बॉबिनला दोष देऊ नका. बहुतेक वेळा वरचा दोरा नीट बसलेला नसतो. फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) वर उचलून तो नव्याने ओवा. फूट खाली असताना दोरा टेन्शनच्या, म्हणजे त्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये शिरत नाही.

५. भोक, डाग आणि पहिलं धुणं

कात्री चुकून कापडात गेली तर कापलेल्या जागेवर पान, फूल किंवा साधा गोल शिवा आणि तसेच आणखी दोन-तीन इतरत्र लावा. एकटं ठिगळ डोळ्यात भरतं. सुई टोचून रक्त लागलं तर लगेच गार पाणी. निळ्या धुऊन जाणाऱ्या पेनच्या खुणांवर इस्त्री फिरवू नका, त्या पक्क्या होतात. इस्त्रीने नाहीशी होणारी शाई कडाक्याच्या थंडीत परत उमटते, म्हणून ती आधी उरलेल्या तुकड्यावर वापरून पाहा.

सगळ्यात जास्त भीती रंग जाण्याची. लाल किंवा गडद निळा रंग पांढऱ्यावर उतरला, तर क्विल्ट वाळवू नका आणि इस्त्रीही लावू नका. सुती क्विल्ट असेल तर भरपूर गरम पाण्यात डिटर्जंट घालून तो पूर्ण बुडवून ठेवा. पाणी रंगलं की बदला. पाणी स्वच्छ राहीपर्यंत हेच करत राहा आणि डाग गेल्याची खात्री झाल्यावरच वाळत घाला.